सातशेच्या वर

विजापूर वेशीजवळ दस्तगीरच्या भंगारात
टर्बो मिळाला, अपघातातल्या सुमोचा,
पाणशंखासारखा वळलेला, वास जळक्या तेलाचा.
नान्नांनी बोटाने पंखा फिरवला,
दांडी वरखाली हलवून बघितली.
"खेळ नाही," म्हणाले, अडीच हजार मोजले.
"येमूलचाचा, जीप बुड्ढी हो गई," दस्तगीर म्हणाला.
नान्नांना ऐकू गेलं नाही.

बत्तीस वर्षं माग.
चोवीस माग एका पत्र्याखाली.
कान तिथे चादरीत विणले गेले, असं कुणी म्हणेल.
मी म्हणत नाही. गेले ते गेले.
पूर्वी हे प्युजो इंजिन ते घरातून ओळखायचे:
तिसरा इंजेक्टर थुंकतोय, पट्टा सैल झालाय.
आता बॉनेटवर तळहात ठेवतात
आणि माझ्याकडे बघतात.

म्हणून मीटर.
मी अक्कलकोट रोडला जेकार्डची कार्डं दुरुस्त करते,
टाके घालायची सवय आहे, सोल्डरचे.
थर्मोकपल डाईंगवाल्यांच्या बॉयलरचं,
दाबाचा सेन्सर पुण्याहून कुरिअरने,
चार लाल आकडे,
आणि हे सगळं शेंगाचटणीच्या स्टीलच्या डब्यात.
डबा कितीही घासला तरी
तापला की लसणाचा वास येतो.

पहिल्या दिवशी दोन तारा उलट लागल्या.
इंजिन तापत गेलं तसा आकडा उतरत गेला,
शून्याच्याही खाली.
"हिमालयात पोचली," नान्ना म्हणाले,
आणि साखर पेठेच्या बोळात एकटेच हसत बसले.

मडिवाळप्पाने मॅनिफोल्डला फ्लँज वेल्ड केली.
टर्बोचं तेल परत यायला चेंबरला भोक पाडायचं होतं,
तेव्हा मात्र कुणी बोललं नाही.
ड्रिलच्या टोकाला ग्रीस थापलं, चुरा आत पडू नये म्हणून.
तरी तेल तीनदा काढलं,
तीनदा गाळलं आईच्या जुन्या वायलमधून.
तिसऱ्यांदा एक कण सापडला, तांदळाच्या कणीएवढा.
तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मग एप्रिलातल्या एका रविवारी तुळजापूरचा घाट.
जिथे दुसरा गिअर आणि मागे ट्रकांची रांग,
तिथे गाडी तिसऱ्यात चढत राहिली.
शिट्टी आली, बारीक,
कुकर वाजण्याआधी वाजतो तशी.
मी ओरडले, नान्ना, शिट्टी!
ते म्हणाले, "एंत?"
किती.

किती ते दिसेना.
बाराचं ऊन सरळ डब्यावर, चारही आकडे पुसलेले.
महिनाभर रात्री जागून केलेलं मीटर
दिवसा बघायचं राहूनच गेलं होतं,
तेही सोलापुरात.
ओढणीचा आडोसा करून आत डोकावले:
सातशे वीस.
सातशेच्या वर पाय काढायचा,
हे मीच लिहून काचेला चिकटवलेलं.

ओरडून उपयोग नव्हता. हात आपोआप उठला,
अंगठा आणि तर्जनी जुळली, झटक्यात सुटली.
धागा तुटला.
मागखात्यातली खूण, मला कुणी शिकवलेली नाही,
डबा घेऊन जायचे तेव्हा दाराशी उभी राहून पाहिलेली.
आणि नान्नांचा पाय वर,
विचार न करता, जसा तेव्हा त्यांचा हात
मागाच्या दांडीवर जायचा.
सहाशे नव्वद. सहाशे चाळीस.
मागून एसटी आली, हॉर्न देत पुढे गेली.
कंडक्टरने वळून आमच्याकडे बघितलं.

आता डब्यावर छज्जा आहे, सायकलच्या ट्यूबचा.
रात्री घरी आल्यावर किल्ली लगेच काढायची नसते,
टर्बो निवेपर्यंत तेल फिरू द्यावं लागतं.
इतका वेळ लागत नाही खरं तर.
नान्ना बसून राहतात,
तीनशे दहा, दोनशे साठ,
हनुवटीवर लाल उजेड.
मी दारातून हाताने खुणावते, जेवायला.
ते तळहात दाखवतात,
थांब,
अजून दोनशेच्या खाली गेलं नाही.