थंडीचे तास

हवामान खात्यात छत्तीस वर्षं काढली ह्यांनी,
सिमला ऑफिसात.
चौकाला नाव सिमल्याचं,
बर्फ काय तो उसाच्या रसात.

निवृत्त झाल्यावर खरंखुरं सिमला पाहिलं.
येताना शाल नाही, स्वेटर नाही;
ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक काडी
मांडीवर धरून दोन रात्री रेल्वेत.
"चेरी आहे. कलम."
मी म्हटलं, पाषाणात?

खड्डा दोन बाय दोन, फुटपट्टी लावून.
तळाला विटांचे तुकडे, पाणी तुंबायला नको.
शेणखत, मूठभर निंबोळी पेंड,
आणि कलमाची गाठ मातीच्या चार बोटं वर,
बाळाचं नाक दुपट्याबाहेर ठेवावं तशी.

हिला म्हणे हजार तास थंडी लागते,
सात अंशांच्या खालची.
इथं स्वेटर निघतो तो
ऊन दाखवून परत ठेवण्यापुरता.
तरी शेवग्याला थर्मामीटर टांगला,
वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, पारा.
पहिल्या हिवाळ्याची बेरीज अकरा तास.
दुसऱ्याची नऊ.

तिसऱ्या डिसेंबरात
एकेक पान हातानं खुडलं ह्यांनी,
झाडाला वाटावं, शिशिर आला.
बर्फाची लादी आणली, भुसा झटकून
बुंध्याशी फोडली.
मोहोळकरबाई कुंपणावरून,
"काय, पाहुणे यायचेत का?"

तोवर मोरीच्या पाइपाशी
कुठल्याशा बुलबुलानं टाकलेली सिंगापूर चेरी
कुणाला न विचारता दोन पुरुष वाढली.
बारमाही लाल. पोरं, खारी,
रात्री वटवाघळं.
"ती चेरीच नव्हे," म्हणतात हे.
चहा मात्र तिच्याच सावलीत घेतात.

यंदा मोतीबिंदू काढला. डोळ्यांवर हिरवा चष्मा.
म्हणून पहाटे टॉर्च घेऊन मी.
साडेतीनला साडेसात होते.
चारला पुन्हा गेले, पायात ह्यांच्याच चपला.
दारातून आवाज, "किती?"
सहा पूर्णांक आठ.
"कधीपासून?"
"दोनपासून," म्हटलं,
आणि लिहिलंही तसंच.

छत्तीस वर्षांत ज्यांनी
एक दशांश इकडचा तिकडे केला नाही,
त्यांनी नवा चष्मा आल्यावर वही उघडली.
माझ्या आकड्यावर बोट ठेवलं.
बराच वेळ ठेवलं.
मग बेरीज केली,
हातचा धरून.