समास

मरोळ गावठाण, चर्चचं ऑफिस, पंख्याखालची खुर्ची.
एकवीस वर्षं बाप्तिस्म्याचं रजिस्टर माझ्याकडे.
समासात लग्न लिहितो, दृढीकरण लिहितो,
एकदा कुणी नन झाली, तेही.

काल मिनेसोटाहून नेल्सन किणीचं पत्र:
अंकल, माझं नाव काढून टाका.
आधी एका स्टेडियमएवढ्या चर्चमध्ये जायचो,
तिथं ड्रम होते, कॉफी फुकट होती.
मग बायकोबरोबर दोन वर्षं ध्यानाला बसलो.
आता धर्म विचारला की "काही नाही" म्हणतो,
आणि खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

पान सापडलं. शहाऐंशी, एप्रिल.
फादर सिल्व्हेरांची तिरकी अक्षरं.
गॉडमदर: माझी आई.
ती सांगायची, पोर पाणी पडायच्या आधीच
रडायला लागलं होतं.

या कपाटात खोडरबर ठेवत नाहीत.
शाई ओलीनं फुटते, जात नाही.

माझी बायको गुरुवारी कुर्ल्याच्या हॉलमध्ये जाते.
तिथं प्लास्टिकच्या टाकीत
तिनं पुन्हा बुडी मारून घेतली;
केस पुसत घरी आली, तापली, दोन दिवस निजली.
ती नोंद मी कुठे केली?

आणि रविवारी
"मी विश्वास ठेवतो" ही ओळ आली
की मी हल्ली चष्मा पुसतो.

पेन्सिलीला टोक काढलं.
नेल्सनच्या नावापुढे लिहिलं: पत्र आलं.
तारीख घातली.

उत्तरात एवढंच विचारलं,
तिकडे बर्फ पडायला लागला का.