वरच्या खोलीतली चिसोमो

तालमीचं नाव नाही सांगत.
गल्लीत राहायचंय मला.

आमचं घर स्टेडियमच्या इतकं जवळ
की आरोळी उठली तर मांडणीवरच्या पितळ्या वाजतात.
चाळीस वर्षं मी मॅच कानानं बघितलीय.
नुसता 'हूऽऽ' आला तर बॉल बारावरनं गेला.
'हू'ला मधेच शेपूट फुटलं तर गोल.
आणि एकदम सगळं गप्प झालं
तर खिडकी लावून घ्यायची, दगड येतात.

धाकटा दीर, बजरंग, अकरा नंबर.
त्याची जर्सी मी धुवायचो
(आमच्याकडं बायकाही 'धुवायचो'च म्हणतात, हसू नका).
मैदान मला मोरीतनं ठाऊक:
मार्चची धूळ, कोपराजवळ वाळलेलं रक्त,
एकदा बाहीत अडकलेलं कुणाचं तरी नख.
कुणी 'चल' म्हणालं नाही.
मीही 'येतो' म्हणालो नाही.

मग वरच्या खोलीत चिसोमो आली, मलावीतनं.
विद्यापीठात किडे शिकते.
पहिल्या महिन्यात मिरचीनं रडली,
दुसऱ्यात माझ्याच ताटातली मागायला लागली.
मराठी तिनं माझ्याकडनं उचललं,
म्हणून तिकडं मॅडम सांगतात, 'आले' म्हण,
आणि ही परत येऊन जिन्यातनं ओरडते, ताई, आलो!

रविवारी दोन तिकिटं घेऊन उभी राहिली.
मी म्हणालो, कुकर लावलाय.
ती म्हणाली, बंद करा.

पायरी तव्यागत तापलेली.
सतरंजीचा तुकडा नेला होता, तो दोघींना पुरेना.
पुढचा पोरगा मान वळवून तिला विचारतो,
भाऊ खेळतोय काय तुमचा?
समोरच्या संघात एक उंच परदेशी पोरगा होता, खरा.
'न्हाई ओ,' चिसोमो म्हणाली, 'मी बघाय आलो.'
चार पायऱ्या हसल्या.
एकानं शेंगांची पुडी मागं धाडली,
एकानं मला विचारलं, काकी, तुम्ही कुठल्या देशाच्या?
पलीकडच्या गल्लीतली, म्हणालो.
त्याला ते पटलं नसावं.

तिचे वडील बस चालवायचे.
मॅच लागली की रेडिओ,
आणि टेबलावर मिठाची बाटली म्हणजे गोलकीपर.
पोरींनी घरात ऐकावं, म्हणायचे.
म्हणजे तूपण कानानंच?
कानानंच, ताई.

मैदान लहान निघालं.
मोरीत ते केवढं मोठं वाटायचं.
आमचा अकरा नंबर कुणी तरी कोवळा पोरगा,
मोजे घसरलेले, आईनं जेवायला बोलावल्यासारखा पळत होता.
मी त्याची जर्सीच बघत बसलो,
कोपर, बाही, काखेतली शिवण,
डाग निघेल का याचा हिशेब मांडत,
आणि तेवढ्यात गोल झाला.
दिसला नाही मला.
चाळीस वर्षांनी आलो आणि दिसला नाही.
नुसता आवाज आला, ह्या वेळी पायाखालनं,
पोटातनं, दातांतनं,
आणि चिसोमो माझा दंड धरून तिच्या भाषेत
काहीतरी परत परत म्हणत होती.

जिंकलो की नाही ते विचारू नका.
सांगितलं तर तालीम कळेल.

रात्री गच्चीवर तिनं वडिलांना फोन लावला.
ते म्हणाले, आवाज ऐकव.
तिनं मोबाइलमध्ये भरून आणला होता, तो लावला:
हलगी, शिट्ट्या, तो 'हू', त्याला फुटलेलं शेपूट,
आणि सगळ्यांच्या वर, चिरकी, बेभान,
'दे की रं पास, मुडद्या!'

कोण गं ही बया, मी विचारलं.
चिसोमो फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली.