कलम चार

इतिवृत्त मी लिहिते. मत देत नाही.
उद्यान मंडळाच्या मंगळवारच्या बैठकीत
पाच खुर्च्या, एक हातोडी, कॉफीचा थर्मास,
आणि नॉर्थ डाकोटाचा वारा,
जो कुणाच्या परवानगीवाचून फटीतून आत येतो.

नियम मला पाठ आहेत.
सदस्य गावाच्या हद्दीत राहणारा असावा, मतदार असावा.
मंडळाच्या कंत्राटात त्याचा हात नसावा,
त्याच्या मेव्हण्याचाही नसावा.
मेव्हणा नंतर घातला,
गवत कापायच्या यंत्रांवरून जे झालं त्यानंतर.
व्हर्लिन अजून त्या विषयावर बोलत नाही.

आर्डिस टोलेफसन एकोणीस वर्षं तिसऱ्या खुर्चीत.
स्केटिंगच्या मैदानावर मध्यरात्री पाणी सोडणारी,
कंत्राटदाराने नाताळात धाडलेलं हॅम
पावती घेऊन परत करणारी,
आणि तेवढीच खाष्ट.
माझा चुकलेला स्वल्पविरामसुद्धा
दुरुस्ती म्हणून मांडायची.

त्या दिवशी तिने हात वर केला.
म्हणाली, ऑक्टोबरपासून मी बहिणीकडे राहते.
तिला आता चमचा धरता येत नाही.
तिचं घर काउंटी रोडच्या पलीकडे,
हद्द रस्त्याच्या मधोमध. मी नकाशा बघून आले.

कुणी म्हणालं, चाळीस पावलं, आर्डिस.
कुणी म्हणालं, तुझी पत्रपेटी तर इकडेच आहे.
अध्यक्ष थर्मासचं झाकण फिरवत राहिले.
व्हर्लिन म्हणाला, बघतंय कोण?

"ही बघते," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

खरं सांगते, मला ठाऊक होतं.
नोव्हेंबरभर रस्त्यापलीकडे तिची निळी गाडी दिसायची
आणि मी मान वळवायची.
कारकुनाने कुठे बघू नये
याबद्दल कलमात काहीच नाही.

जागा रिकामी. बाजूने चार, विरोधात कुणी नाही.
तिने चाव्या काढून ठेवल्या:
शेडची, दिव्यांची,
आणि एक, जिचं कुलूप कुणालाच आठवेना.
ती अजून माझ्या खणात आहे.

मग कोट उचलून ती मागे गेली,
घडीच्या खुर्चीवर बसली.
नागरिकांची तीन मिनिटं आली तेव्हा उभी राहिली.
नाव सांगितलं. पत्ता सांगितला, नवा.
म्हणाली, छोट्या झोक्याची साखळी
सप्टेंबरपासून तशीच आहे.

उरलेली दोन मिनिटं तिने मंडळाला परत केली.
मी तशी नोंद केली.