आकाशपाळणा

माता-कक्षाच्या दाराला कुलूप होतं.
फटीतून दिसली केशरी लाइफजॅकेटं,
हवा गेलेल्या ट्यूब, एक ओला मॉप
आणि भिंतीवरच्या चित्रात हसणारी आई.
चावी सावंतांकडे,
सावंत जेवायला वेंगुर्ल्याला.

मे महिना, दुपारचे दोन.
पाच महिन्यांची माझी पोर माझा खांदा चोखते आहे,
घामाचं मीठ लागून आणखी चिडते आहे.
थोरला बाबांबरोबर घसरगुंडीच्या रांगेत.
वन्सं कोकम सरबत आणायला गेल्या
त्या गेल्याच.

सिमेंटच्या डायनासोरच्या सावलीत बसून पाहिलं.
त्याच्या शेपटीवर चढून चार मुलं फोटो काढत होती,
दर फोटोत मी येत होते.
प्लास्टिकच्या माडाखाली बसून पाहिलं.
खरे माड कुंपणाबाहेर,
त्यांची सावलीसुद्धा बाहेरच पडत होती.
तिथे शिट्टीवाला आला, माझ्याकडे न बघता,
अगदी सभ्यपणे न बघता म्हणाला,
ताई, इथे फॅमिली येतात.

मी कडेवरच्या फॅमिलीकडे बघितलं.
रडून रडून
पिकल्या रतांब्यासारखी झालेली.

तेवढ्यात लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला.
दर अर्ध्या तासाने इथे यंत्रातून भरती येते.
भिंतीपलीकडचा समुद्र
काही न वाजवता येतो.
तलावाकाठी कुणाचं तरी दुसरंच मूल किंचाळलं
आणि मला पान्हा फुटला.
त्याला कुठे कळतं कोण कुणाचं.
कुर्त्यावर उजवीकडे ओल उमटली,
पसरली,
आता लपवायचं तर पोरीनेच.

आकाशपाळण्यापाशी एक म्हातारा बिडी विझवत होता.
खाकी शर्टावर शिवलेलं नाव दुसऱ्याच कुणाचं.
त्याने पोरीकडे बघितलं, मग ओलीकडे,
मग जमिनीकडे.
"बस गे बाय. सावकाश फिरवतंय.
वर गेलंस काय थांबवतंय.
थंय कावळ्याशिवाय कोण येवचो नाय."

पिंजऱ्याची कडी लावली,
वर सुतळीची गाठही मारली.
जात्यासारखा घरघरत
पाळणा वर गेला
आणि थांबला.

पहिले चार घोट तिला ठसकाच लागला.
मग तिचा हिशोब बसला,
दोन घोट, एक श्वास,
दोन घोट, एक श्वास.
पायाची बोटं उघडली, मिटली.

खाली पत्र्याची छपरं,
कुणाच्या तरी मांडवावर वाळत घातलेली आंब्याची साठं,
खाडीचं तोंड, आणि त्यात शिरणारा एक ट्रॉलर,
मागे पांढऱ्या पक्ष्यांची झुंबड.
इथून डायनासोर पालीएवढा.
यंत्राचा समुद्र म्हणजे
कुणीतरी अंगणात विसरलेली निळी परात.
किती महिन्यांनी ओढणीशिवाय
वारा लागला छातीला.

रांगेतून ओरडा सुरू झाला.
"ओ काका, चालू करा ना!"
"बेल्ट सरकलो हा. मेस्त्रीक फोन लावलंय."
वरूनही दिसत होतं,
कानाला नुसता हात होता.

बाजू बदलली.
पिंजरा जरासा कलला,
कुरकुरला,
परत सरळ झाला.
तिचे डोळे मिटत आले तरी ओठ चालूच,
झोपेतही कुणी हिसकावून नेईल की काय अशा बेताने.
शेवटी सुटली.
हनुवटीवरून एक थेंब ओघळला,
जाळीतून खाली गेला,
कुणाच्या टोपीवर पडला असेल तर पडला.

खाली उतरले तेव्हा वन्सं उभ्या होत्या,
ग्लासातला बर्फ वितळून सरबत फिकं पडलेलं.
"अगं, होतीस कुठे?"
मी पर्समध्ये सुटे पैसे शोधत होते.
म्हातारा सुतळी सोडत म्हणाला,
"पाळणो बंद होतो. बंद पाळण्याचे कसले पैशे?"
आणि रांगेकडे वळून, मोठ्याने,
"झालो रे दुरुस्त. येवा."