सोमवारची गोळी

तेलावीच्या बाजारात, चीज विकणाऱ्या बायकांच्या पलीकडे
माझं दुकान. दारावर हिरवा दिव्यांचा क्रॉस,
त्यातली उभी रेघ कधीच विझली,
रात्री उरते ती नुसती वजाबाकी.

सप्टेंबरच्या अखेरीस लामारा आली.
द्राक्षतोडणीचे दिवस, हात कोपरापर्यंत जांभळे.
म्हणाली, तोंड आलंय गं, इया,
नव्या रसाचा थेंबही जिभेवर निखाऱ्यासारखा लागतो.
मलम दे कसलंसं, आणि लवकर दे,
माणसं मळ्यात खोळंबलीत
आणि ओतियाच्या भरवशावर रांजण सोडले
तर तो सगळा रस नासवेल.

मलम काढता काढता दिसला
तिच्या दंडावरचा निळा डाग.
टोपली लागली असेल, म्हणाली.
दुसऱ्या दंडावरही होता.
कपाळाला हात लावला तर चटकाच.
ताप कधीपासून?
तोडणीत कोण मोजत बसतंय!

गोळ्या दाखव, म्हटलं.
एप्रनच्या खिशातून दोन डब्या निघाल्या,
एकीला द्राक्षाचं साल चिकटलेलं.
दोन्हींत गोळ्या पिवळ्या, मुगाच्या डाळीएवढ्या.
एक बोटांची सूज उतरवते,
ती आठवड्यातून एकदाच, सोमवारी.
दुसरी त्या पहिलीचा जाच कमी करते,
ती उरलेले सहा दिवस.
पहिलीच्या डबीवर चिठ्ठी होती: रोज एक.

अक्षर माझं होतं.
शेवटच्या अक्षराची शेपटी मीच तशी लांबवते,
आईनं शिकवली तशी.

किती घेतल्यास?
शहाण्यासारख्या घेतल्या, म्हणाली,
आठ दिवसांत एकही चुकवली नाही.

चिठ्ठी लिहिली तेव्हा वीज गेली होती,
दोन्ही डब्या एकदम उघड्या, टेबलावर शेजारी शेजारी.
एवढंच कारण.
याहून मोठं काही सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.
दुकानात तिघं होते. मी त्यांच्यासमोरच म्हटलं,
लामारा, चूक माझी आहे, आत्ता दवाखान्यात चल.
ती म्हणाली, आणि द्राक्षं?

पांढऱ्या पेशी इतक्या थोड्या
की नर्सनं आकडा दोनदा वाचला.
शिरेतून उतारा सुरू झाला. खोली वेगळी.
फुलं नकोत, कच्च्या दुधाचं चीज नको,
नातवाला सर्दी आहे, तोही नको.
कुणाचा साधा खोकलासुद्धा तिला झेपला नसता.
ओतिया खिडकीखाली उभा राहून
रसाला फेस कसा आलाय ते ओरडून सांगायचा,
ती आतून मान हलवायची: नाही, तसं नाही, काठी फिरव.

मी रोज जायचे. दारापर्यंत.
मलाही थोडा खोकला होता,
किंवा मी तसं सांगायचे.

लामारा वाचली.
रस ओतियानं खरंच नासवला,
अजून गावभर त्या व्हिनेगरच्या बाटल्या वाटतोय.

पुढं तीन महिने तिनं औषधं
नदीपलीकडच्या दुकानातून आणली.
बरोबरच केलं.
मी आता एका वेळी एकच डबी उघडते.
वार लाल शाईनं लिहिते. सोमवार. पूर्ण शब्द.
गिऱ्हाइकाला म्हणते, आता तुम्ही म्हणून दाखवा,
ताप आला, तोंड आलं, अंगावर निळं उमटलं
तर पुढची गोळी न घेता आधी काय करायचं?
म्हातारे वैतागतात. शाळा आहे का ही?
काही जण तर पाठ फिरवून जातात.

जानेवारीत, बर्फात, ती आली.
बोटं पुन्हा सुजलेली, हातमोज्यात मावत नव्हती.
डॉक्टरांनी नवीन कागद दिला होता,
रक्त तपासून, जपून, पुन्हा तीच गोळी.
कागद काउंटरवर ठेवला. हात मात्र त्यावरच.

मी डबी काढली, लाल पेन शोधू लागले.
थांब, म्हणाली. लिहू नकोस अजून.
आधी तू म्हणून दाखव.

मी म्हटलं, सोमवार.

पुन्हा, म्हणाली लामारा.