ओळ क्रमांक सात

आम्ही चौघं, लॅपटॉप तीन,
आणि ग्रेगरीच्या मामाची बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी,
जिच्या भिंतींत खारट गारवा अजून मुरलेला.
साइटचं नाव मुदस्सरनं ठेवलं: खरांसांग.
वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत
खानावळी, लॉज, रिक्षा, होड्या, दातांचे डॉक्टर,
लोकांनी तारे द्यायचे, एक ते पाच,
आणि खाली दोन शब्द.

सरांनी विचारलं, लोक लिहितील?
तन्वेश म्हणाला, सर, आमच्याकडे लोक
दुसऱ्याच्या माशाच्या पिशवीत डोकावून मत देतात.

पण समोरासमोर भांडणारं गाव
चौकटीवर बोट ठेवताच मुकं झालं.
रिक्षावाला चुलत्याचा मेव्हणा,
लॉजवाली मुदस्सरच्या आपाची मैत्रीण,
दातांच्या डॉक्टरपुढं उद्या पुन्हा तोंड उघडायचंय.
पाच, पाच, पाच.
सरासरी काढायला एवढं गणित कशाला शिकलो,
ग्रेगरी म्हणाला.

डेटाबेस माझ्याकडे होता.
चाचणीला खोटी माणसं लागतात, खोटी मतं.
लाइट येत-जात होती त्या रात्री
मी भराभर बारा ओळी भरल्या.
ओळ एक: अबक. ओळ दोन: छान छान छान.
सातवीत, एकच तारा कसा दिसतो ते बघायला,
सुचली ती खानावळ टाकली. आईची.
लिहिलं:
सोलकढी पाणचट. भात बरा.
वाढणारी बाई हसत नाही.
नाव दिलं, एक प्रवासी.
म्हटलं, पुसू नंतर.

नंतर सादरीकरण आलं, परीक्षा आली,
जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला, तन्वेशचे डोळे मिटलेले.
लेकीनं केलंय तरी काय म्हणून
आईनं शेजारच्या पोराकडून साइट उघडून घेतली.

रात्री भांडी घासता घासता म्हणाली,
"कोणी लिवल्यान गो ह्यां?"
चिडून नाही.
एकच पेला तिनं तीनदा विसळला.
"मी खराच हसनंय नाय?"

तेव्हाच सांगायचं.
शब्द दातांपर्यंत आले होते.
टेबल माझं, ओळ माझी,
मत खोटं म्हणून लिहिलेलं.
पण बारा खोट्यांतलं तेवढंच एक
मला विचार न करता सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमसुलं दुप्पट भिजली.
नारळाचं पहिलं दूध कढीत गेलं,
दुसऱ्याला तिनं हात लावला नाही.
आणि दुपारी, सावंतवाडीच्या एसटीतून उतरलेल्या
दोन कंडक्टरांना भात वाढताना
आई हसली,
आधारकार्डाच्या फोटोला हसावं तशी.
मे संपेपर्यंत ते हसू सैल झालं,
तिच्या मापाचं झालं.

आता तिच्या नावाखाली एकतीस मतं आहेत.
गोव्याहून आलेलं कोणी
नुसतं "मावशी" लिहून गेलंय.
एकानं तीन तारे दिलेत, बांगड्याला काटे आहेत म्हणून.
गावही हळूहळू बोलू लागलंय,
दातांच्या डॉक्टरांना कोणीतरी दोन दिले,
आम्ही फॅक्टरीत वडे वाटले.

आईची सरासरी चार पूर्णांक सहा.
सात पुसली तर चार पूर्णांक सात.
एका आज्ञेचं काम आहे, मुदस्सर म्हणतो, पूस की.
मी कर्सर तिथं नेते,
आणि ओळ निळी होते,
आणि मी बोट उचलते.

कारण आई अजून त्याची वाट बघते.
एकटा, पाठीला पिशवी लावलेला कोणी आला
की न मागता कढीचा दुसरा पेला आणते,
आणि तो घोट घेईपर्यंत
फडक्यानं तेच टेबल पुसत
त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते.

परवा मी पितानाही
बघत होती.